सात बाण आणि सुरतेची मूस

एका बाजूला चिलखतातला घोडेस्वार, हातात उपसलेली तलवार. दुसऱ्या बाजूला मुकुटाखालची ढाल आणि ढालीत सिंह. त्याच्या एका पंजात तलवार, दुसऱ्यात सात बाणांची जुडी. सात बाण म्हणजे सात डच प्रांत. कडेनं लॅटिन अक्षरं, एकीनं लहानाचं मोठं होतं अशा अर्थाची. १६५९ पासून पडत आलेलं हे चांदीचं डुकाटोन ३२.८ ग्रॅम भरायचं, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना किंचित जास्त.

डच जहाजांतून सुरतेत उतरल्यावर हा सिंह मुशीत जायचा. मुघल टांकसाळीत त्याचे रुपये पडायचे. त्यांवर चित्र नाही, नुसती फारसी अक्षरं, साल आणि टांकसाळीचं नाव. एका डुकाटोनात साधारण पावणेतीन रुपयांची चांदी. सराफ बघणार वजन आणि कस. त्याला बाण सात काय आणि सतरा काय!

हा पैसा आत शिरायचा तो खानदेशातून. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानं सतराव्या शतकात हीच वाट नोंदवली. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याची राजधानी, तिथंही टांकसाळ होती. इथलं कापड डचांना हवं, पण त्यांच्या मालाला इथं फारसं गिऱ्हाईक नाही. मग रोख मोजण्यावाचून इलाज काय?

रोख तरी किती? १६०२ ते १७९५ या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीनं हॉलंडातून आशियात धाडलेलं सोनं-चांदी सुमारे ५७ कोटी डच गिल्डरचं होतं. (भारताच्या वाट्याला त्यातला एक हिस्साच.) गिल्डरमागे साडेनऊ ग्रॅम चांदी धरली, तर ५,४०० टन! दहा टनी ५४० ट्रक. त्या सगळ्याचे मुघल रुपये पाडले असते तर जवळजवळ ४९ कोटी पडले असते. एकाला एक लावून रस्त्यावर मांडले, तर जळगाव ते धुळे आणि परत, अशा साठेक फेऱ्या होतात. हायवेवरचे खड्डे त्यात मोजलेले नाहीत.

गंमत अशी की जी नाणी सुरतेच्या मुशीपर्यंत पोचली, त्यांचा सिंह गेला. १७४३ साली इंग्लंडच्या सिली बेटांजवळ फुटलेलं कंपनीचं 'होलंडिया' जहाज १९७१ मध्ये पाणबुड्यांना सापडलं. त्यातून हजारो चांदीची नाणी वर आली. त्यांतल्या डुकाटोनांवर घोडेस्वार अजून तलवार उगारून बसलेला आहे.