पाकिटात आहे तरी कोणता प्राणी?

मागच्या आठवड्यात होस्टेलवर अभ्यासाच्या नावाखाली आमची खादाडी चालू होती. कुणीतरी मार्शमेलोचं पाकीट फोडलं. माझी रूममेट मुस्लिम आहे. तिने पाकीट उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली आणि गुपचूप पुढे सरकवलं. तिथे छापलं होतं, ‘जिलेटिन, प्राणिजन्य’. कोणता प्राणी? पत्ता नाही. तपकिरी त्रिकोण तरी काय सांगणार, नॉनव्हेज आहे एवढंच. ‘दर वेळी हेच गं,’ ती म्हणाली, ‘विचारायचं कुणाला?’

तुम्ही म्हणाल, हा तिचा प्रश्न, आपल्याला काय! मग हे ऐका. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुकानातल्या बीफ बर्गरच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. २७ पैकी १० बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला, २३ मध्ये डुकराचा. डुकराचा अंश बहुतेक ठिकाणी अगदी नावापुरता होता, पण टेस्कोच्या एका बर्गरमध्ये बीफच्या तुलनेत तब्बल २९ टक्के घोडा निघाला! एकदा खिमा झाला, मसाला पडला की डोळे आणि जीभ दोन्ही बाद.

डीएनए मात्र टिकतो. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात (हो, बारावीच्या बायोलॉजीतले तेच) आणि त्यांच्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो-हजारो प्रती असतात. शिजवल्यावर त्याचे तुकडे पडतात, पण प्रती इतक्या, की काही तुकडे उरतातच. पीसीआर मशीन त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढतं आणि प्राणी ओळखता येतो. हैदराबादच्या सीसीएमबीत लालजी सिंह आणि सुनीलकुमार वर्मा यांनी तर असे प्रायमर बनवले, की प्राणी कोणता असावा याचा आधी अंदाज नसला तरी चालतं. शिकाऱ्यांकडे सापडलेलं मांस ओळखायला ही पद्धत फार कामाची.

आपल्याकडेही हे फक्त चवीचं प्रकरण नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या नाही. जप्त केलेल्या पिशवीत बैल की म्हैस, यावर एखाद्याची सुटका ठरते. नुसतं बघून ते कोण छातीठोकपणे सांगणार?

जिलेटिनचं मात्र अवघड असतं. हाडं, कातडी आम्लात किंवा चुन्यात भिजवून उकळली की डीएनए जवळजवळ संपतोच. मग मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. गाय आणि डुक्कर यांच्या कोलॅजनमध्ये काही ठिकाणी अमिनो आम्लं वेगळी असतात, तेवढ्यावरून माग काढायचा.

आता खरी गंमत. हे सगळं करूनही ‘हलाल’ सिद्ध होत नाही! हलाल कोंबडी आणि झटका कोंबडी, डीएनए एकच. कापली कशी, कुणी, ते मशीनला कळत नाही. २००१ मध्ये इंडोनेशियात अजिनोमोटो बाजारातून परत घ्यावं लागलं. त्यात डुकराचा अंश नव्हता. पण ते तयार करणाऱ्या जिवाणूंचं खाद्य बनवताना डुकरापासून मिळवलेलं एन्झाइम वापरलं होतं आणि तिथल्या उलेमा परिषदेने ते हराम ठरवलं. राष्ट्राध्यक्ष वाहिद यांचं मत मात्र उलट होतं, अंतिम मालात डुक्कर नाही ना, मग हलाल. म्हणजे लॅबचा रिपोर्ट क्लीन आणि भांडण चालूच. म्हणून हलालचा शिक्का द्यायचा तर कुणीतरी कत्तलखान्यापासून गोदामापर्यंत जाऊन बघावं लागतं, कागद तपासावे लागतात. शिक्का दिसला तर तो कुणी दिलाय, ते नावही वाचा. मला स्वतःला लॅबपेक्षा हा भाग जास्त कच्चा वाटतो, कारण तो माणसांच्या शब्दावर चालतो.

रूममेटने शेवटी पाकिटावरच्या कस्टमर केअरला मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘आमची सर्व उत्पादनं नियमांनुसार आहेत.’ प्राण्याचं नाव नव्हतंच. मार्शमेलो आम्ही संपवले. पाकीट तिने ठेवलंय, दुसरा मेल लिहायला.