नव्याने बांधलेले इंजिन, तरीही दाब कमी!

इंजिन उतरवून ते नव्याने बांधून घेणे हा वाहनमालकाच्या खिशाला मोठी कात्री लावणारा व्यवहार होय. लेथवर बोअरिंग झाले, नवे पिस्टन आणि रिंगा बसल्या, झडपा घासून घेतल्या, मेकॅनिकचा हिशेबही चुकता झाला. आणि तरीही गाडी सकाळी चटकन सुरू होत नाही, चढावर ओढ घेत नाही, उभी असताना थरथरते. गेज लावून पाहावे तर 'कॉम्प्रेशन' कमी! मग मालक मेकॅनिकला बोल लावतो, मेकॅनिक सुट्या भागांना, आणि घाईघाईने इंजिन पुन्हा उघडण्याचा निर्णय होतो. वास्तविक दाब कोठून निसटतो आहे, हे इंजिन न उघडता बऱ्याच अंशी ओळखता येते. एकदा हेड उतरवले की गॅस्केट नवे घालावे लागते आणि दोषाचा मागही पुसला जातो. म्हणून आधी मोजमाप, मग पाना, हाच क्रम शहाणपणाचा.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या परिचयाची 'मारुती ८००' घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा व पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि त्या दाबावरच पुढच्या स्फोटाची शक्ती अवलंबून असते. हा दाब कोंडून ठेवणारे पहारेकरी तीन : पिस्टनच्या रिंगा, झडपा आणि हेड गॅस्केट. इंजिन बांधताना नेमके हे तिन्ही बदलले किंवा हलवले जातात. त्यामुळे नव्या बांधणीतही दाब कमी भरणे शक्य असते, यात नवल नाही.

चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मोजताना साधारणतः १२० ते १८० पौंड दाब मिळतो. आपल्या गाडीसाठी नेमका आकडा किती, हे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच पाहावे. परंतु आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांमधील तफावतीला आहे. ती सुमारे दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरकडे संशयाने पाहावे.

प्रथम गेजवरचा आकडा खरा आहे ना, याची खातरजमा करावी. बॅटरी पूर्ण भारित हवी, कारण स्टार्टर मंद फिरला तर दाब कमीच दिसणार. इंजिन थोडे चालवून गरम करावे, मग सर्व स्पार्क प्लग काढावेत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. इग्निशन कॉइलचे कनेक्शन सोडवावे आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करावा. प्लगच्या छिद्रांतून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. मोजताना सोबतच्या व्यक्तीने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. तो न दाबल्यास हवा आत येण्याचा मार्ग जवळपास बंद राहतो आणि निर्दोष इंजिनही आजारी भासते. इंजिन चालवण्याचे काम मात्र बंदिस्त गॅरेजमध्ये करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

आता प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा वेळा दाब भरेपर्यंत स्टार्टर फिरवावा. पहिल्या फेरीचा आणि शेवटचा, असे दोन्ही आकडे कागदावर लिहावेत. पहिला आकडा कमी, पण पुढे प्रत्येक फेरीगणिक तो चढत जातो, असे दिसल्यास रिंगांकडे संशय जातो. आकडा आरंभीही कमी आणि नंतरही फारसा चढत नसेल, तर झडपांकडे पाहावे.

त्यानंतर 'ओली चाचणी'. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवती तात्पुरता अडसर उभा करते. समजा, आधीचा ९५ पौंडांचा आकडा १४० वर गेला, तर गळती रिंगांतून आहे. तो जागचा हलला नाही, तर झडप किंवा गॅस्केट दोषी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील, तर त्यांच्यामधील गॅस्केटने दगा दिल्याची शक्यता मोठी. ही चाचणी पेट्रोल इंजिनापुरतीच करावी. डिझेल इंजिनात दाब कित्येक पटींनी अधिक असतो. तेथे हे गेजही चालत नाही आणि तेल ओतणेही धोक्याचे ठरते.

तिन्ही सिलिंडर एकसारखे कमी भरले तर? तिन्ही सिलिंडरच्या झडपा एकाच वेळी बिघडणे दुर्मीळ. अशा वेळी टायमिंग बेल्टच्या खुणा तपासाव्यात. बेल्ट एखादा दात चुकून बसला, तर झडपा अवेळी मिटतात आणि हवा कोंडली जाण्याऐवजी माघारी जाते. हा दोष दूर करण्यासाठी हेड उतरवावे लागत नाही.

झडपांबाबत नव्या बांधणीतील एक नेहमीची गोष्ट लक्षात घ्यावी. झडप आणि तिची बैठक घासली की झडप किंचित खोल बसते व तिची दांडी तेवढीच वर येते. त्यामुळे 'टॅपेट'ची फट कमी होते. ती पुन्हा जुळवली नाही, तर झडप पूर्ण मिटतच नाही. फीलर गेजने फट मोजून पुस्तिकेतील मापाप्रमाणे ठेवणे एवढ्यानेच काही इंजिनांचा दाब परत येतो.

तरीही उलगडा न झाल्यास हवेची चाचणी करावी. मात्र ती जाणकाराच्या मदतीनेच. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली, तर आत घेणारी झडप. सायलेन्सरमधून आली, तर धूर सोडणारी झडप. तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर गॅस्केट. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. हवेच्या जोराने इंजिन अचानक फिरू शकते, म्हणून क्रँकच्या पुलीवर पाना अडकवून ठेवू नये.

सर्व सिलिंडर थोडेच कमी असतील आणि तेल घातल्यावर सारखेच वाढत असतील, तर उपाय बहुधा संयमाचा आहे. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून एकजीव व्हायला काही शे किलोमीटर लागतात. या काळात गाडी तासन् तास उभी चालू ठेवण्यापेक्षा वेग कमी-अधिक करीत रस्त्यावर चालवणे हितावह. नुसती चालू ठेवल्यास सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन रिंगा बसण्याचे राहूनच जाते. त्यानंतर पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावे.

एवढे करूनही रिंगांचाच दोष कायम राहिला, तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. रिंग उलटी बसली, तुटली की बोअरचे माप चुकले, हे बाहेरून कळत नाही. मात्र तेव्हा मेकॅनिककडे 'गाडीत दम नाही' एवढीच तक्रार घेऊन जाऊ नये. कोरडे आकडे, ओले आकडे, टॅपेटच्या फटी आणि धावलेले किलोमीटर लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवावा. कामाची हमी मागताना हा कागद कोणत्याही वादावादीपेक्षा अधिक उपयोगी पडतो आणि प्रामाणिक कारागिरालाही कोठे हात घालायचा, हे नेमके कळते.