स्थूल व्यक्तींसाठी व्यायाम : वजनकाट्याच्या पलीकडे

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिराचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहे. दर्शनासाठी सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात आणि तितक्याच चढून वर यावे लागते. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला येथे येणाऱ्या भाविकांपैकी कित्येकांना या पायऱ्या चढताना कठड्याचा नाहीतर सोबतीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यांत वृद्ध असतात, तशी चाळिशीतील माणसेही असतात. वीस पायऱ्यांनी धाप लागावी एवढे वय त्यांचे नसते. वय आणि दम यांच्यातील हे अंतर का पडते आणि ते कसे कमी करता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

बदललेले दैनंदिन जीवन

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही तीन शहरे कल्याण-कर्जत लोहमार्गावर एकमेकांना लागून वसली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. पैकी उल्हासनगरची वस्ती सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात दाटलेली आहे. येथून मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराचे रोजचे तीनएक तास प्रवासात आणि आठ तास खुर्चीवर जातात. घरी परतल्यावर चालावे म्हटले, तर पदपथ मोकळा नसतो. गृहिणीचा दिवस कामात जातो. परंतु ते काम बहुधा चार भिंतींच्या आतले असते आणि त्यात हृदयाचा वेग वाढेल असे सलग चालणे क्वचितच घडते.

ही स्थिती केवळ या तीन शहरांची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील अतिवजन वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर आले. कुपोषणाशी झुंज अद्याप चालू असतानाच हे दुसरे आव्हान आपल्या दारी आले आहे.

स्थूलता म्हणजे काय ?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास डॉक्टर बीएमआय असे म्हणतात. जागतिक पातळीवर हा अंक २५ च्या पुढे गेला की अतिवजन आणि ३० च्या पुढे गेला की स्थूलता मानतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २३ आणि २५ या मर्यादा सुचविल्या आहेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ५९ किलोच्या पुढे सावध व्हावे आणि ६४ किलोच्या पुढे स्थूलता मानावी, असा याचा अर्थ होतो. कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे.

भारतीयांसाठी मर्यादा खाली का आणावी लागली, याचे उत्तर देणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग पुण्यात झालेला आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणे जगापुढे ठेवली. दोघांचाही बीएमआय २२.३ इतकाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. पुण्याजवळील सहा गावांमध्ये डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असेही दिसले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांच्या ३.५ किलोपेक्षा बरेच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती; उणीव होती ती प्रामुख्याने स्नायूंची. म्हणजेच आपल्याकडे चरबीचे आधिक्य आणि स्नायूंची कमतरता या दोन्ही गोष्टी बहुधा जोडीने येतात. स्नायू कमावण्याचा मार्ग व्यायामाचा असल्याने त्याचे महत्त्व आपल्याला अधिक आहे.

अपेक्षा कोणती ठेवावी ?

स्थूल व्यक्ती मोठ्या उमेदीने व्यायाम सुरू करते. दीड-दोन महिन्यांनी वजनकाट्यावर उभी राहते. काटा एखाद्या किलोने सरकलेला असतो किंवा जागीच असतो. 'माझ्या शरीराला व्यायाम लागू पडत नाही' अशी तिची समजूत होते आणि व्यायाम सुटतो. असे अनेकांच्या बाबतीत घडते. वस्तुतः येथे चूक व्यायामाची नसून मोजमापाची असते.

केवळ व्यायामाने, आहारात बदल न करता, सरासरी दोन-तीन किलोच वजन उतरते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालल्यास सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळजवळ दुप्पट कॅलरी असतात. तेव्हा वजन उतरविण्याचे मुख्य काम आहाराचे आहे, हे प्रथमच मान्य करावे.

मग व्यायाम कशासाठी ? पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठणारी चरबी ही सर्वांत घातक असते. वजन फारसे न बदलताही व्यायामाने ती घटते आणि यकृतात साठलेली चरबीही कमी होते. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. या क्रियेचा परिणाम व्यायामानंतरही काही तास, बहुधा एक-दोन दिवस टिकतो. रक्तदाब काही अंशांनी उतरतो, हृदय व फुफ्फुसांची क्षमता वाढते, झोप सुधारते आणि मनावरील उदासीनतेचे मळभ कमी होते. यांपैकी एकही लाभ वजनकाट्यावर दिसत नाही.

याचा सबळ पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीचाच सर्वसाधारण सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांनी आहारात सुधारणा करून रोज किमान अर्धा तास चालण्याचा परिपाठ ठेवला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. लक्षणीय गोष्ट अशी की, या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले होते. वजन उतरले नाही, तरी रोग पुष्कळ अंशी टळला.

पायऱ्यांचे महत्त्व दाखविणारा एक जुना अभ्यास लंडनचा आहे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालक-वाहकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिन्याची चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. पुढे गणवेशांच्या मापांवरून असे आढळले की, चालक वाहकांपेक्षा आधीपासूनच काहीसे जाड होते. तेव्हा सगळा फरक जिन्याचाच होता, असे म्हणता येणार नाही. परंतु शारीरिक श्रम आणि हृदय यांच्या संबंधाचा शास्त्रीय शोध या पाहणीने मार्गी लावला.

किती आणि कोणता व्यायाम ?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचविला आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे. पण गाणे म्हणता येऊ नये.

प्रारंभ थोडक्यापासून करावा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. तीस मिनिटे सलग जमली नाहीत, तर दहा-दहा मिनिटांचे तीन भागही चालतात. गुडघे दुखत असल्यास सायकल किंवा पोहणे अधिक सोयीचे.

स्नायूंच्या बळकटीसाठी महागड्या साधनांची गरज नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे व बसणे, भिंतीला टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या बाटल्या उचलणे, हे प्रत्येकी दहा-बारा वेळा केल्याने आरंभ होतो. आहारनियंत्रणाने, औषधाने वा शस्त्रक्रियेने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ही झीज या व्यायामाने पुष्कळशी रोखता येते. उतरलेले वजन पुन्हा चढू नये यासाठी मात्र आठवड्यास २०० ते ३०० मिनिटांपर्यंत व्यायाम लागतो.

सूर्यनमस्कार हा आपल्या परिचयाचा व्यायाम. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातील शाळांत रुजविला आणि त्याचा प्रसार आयुष्यभर केला. परंतु पोटाचा घेर मोठा असलेल्या व्यक्तीने पहिल्याच दिवशी बारा नमस्कारांचा हट्ट धरू नये. खुर्चीच्या वा भिंतीच्या आधाराने दोन-तीन नमस्कारांपासून सुरुवात करावी.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. साखर उतरविणारी औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दीर्घ व्यायाम टाळावा आणि पायांस जखमा होणार नाहीत अशी पादत्राणे वापरावीत. छातीत दुखणे, चक्कर किंवा असह्य धाप जाणवल्यास व्यायाम तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांचे कार्य

स्थूल व्यक्ती मैदानावर येत नाही, याचे कारण अनेकदा आळस नसून लाज असते. शाळेत जाड मुलाला टोपणनाव मिळते, संघ निवडताना तो शेवटी उरतो आणि कवायतीच्या तासाला कारणे सांगू लागतो. पुढे आयुष्यभर त्याचे व्यायामाशी वैर जडते. अशी थट्टा होऊ न देणे हे शिक्षकाच्या हाती आहे. मुलांना रोज सरासरी साठ मिनिटांची शारीरिक हालचाल आवश्यक असते. त्यामुळे शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या उजळणीसाठी घेतला जाऊ नये आणि त्या तासात केवळ जिंकणाऱ्यांचेच नव्हे, तर सर्वांचे खेळ असावेत.

आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणी सूची भरते, तीत कंबरेचा घेर आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम होतो की नाही, हे दोन्ही प्रश्न आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. या नोंदी कागदावरच न राहता त्यांवर ग्रामसभेत विचार व्हावा. गावात स्त्रियांना पहाटे वा सायंकाळी निर्धास्तपणे चालता येईल असा दिवे असलेला रस्ता आहे काय ? खुली व्यायामशाळा उभारली, पण तिची साधने कशी वापरावीत हे दाखविणारे कोणी आहे काय ? शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर नागरिकांना खुले होते काय ? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास मोठा खर्च लागत नाही.

व्यायाम सुरू करणाऱ्याने प्रगतीची नोंद जरूर ठेवावी. मात्र तीत वजनाबरोबर कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि दम या चार गोष्टी असाव्यात. दमाची परीक्षा घेण्यास उपकरण लागत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील वीस पायऱ्या आज चढताना दोनदा थांबावे लागत असेल आणि तीन महिन्यांनी न थांबता वर येता आले, तर काटा काहीही सांगो, व्यायाम लागू पडला आहे असे खुशाल समजावे आणि तो पुढे चालू ठेवावा.