घरातली जुनी गिन्नी : मुंबईचा ठसा आणि जकातीचा हिशेब

कापडे असो, पोलादपूर असो की महाड, आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत कपाटाच्या तळाशी, कापडाच्या पुरचुंडीत एखादी गिन्नी निघते. कुणी मेहरमध्ये मिळालेली, कुणी आजा-पणजाने परदेशातल्या कमाईतून आणलेली. रमजान जवळ आला की मग प्रश्न पडतो, हिच्यावर जकात आहे का? आणि ही गिन्नी म्हणजे नक्की काय?

आपण जिला गिन्नी म्हणतो ते बहुतेक वेळा ब्रिटिशांचं 'सॉव्हरिन' नाणं असतं. आजच्या रूपातलं हे नाणं 1817 साली निघालं. वजन 7.98 ग्रॅम, म्हणजे आठ ग्रॅमला जरासं कमी. सोनं 22 कॅरेट, त्यात शुद्ध सोनं सुमारे 7.32 ग्रॅम. रुंदी 22 मिलिमीटर, कडेला बारीक खाचा. 22 कॅरेटच्या सोन्याला सराफ 'गिनी सोनं' म्हणतात, ते नाव अशा नाण्यांवरूनच आलं. 1899 च्या कायद्याने हे नाणं हिंदुस्थानात 15 रुपयांना अधिकृत चलन झालं.

एका बाजूला त्या वेळच्या राजा-राणीचा चेहरा असतो. दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून अजगरासारख्या राक्षसी प्राण्याला मारणारा सेंट जॉर्ज. हे चित्र पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराने कोरलं.

मुंबईची गिन्नी

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि रुपये पुरेनात. 1917 च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली ती याच अडचणीमुळे. समुद्रात पाणबुड्यांची भीती असल्याने सोनं विलायतेला पाठवणंही धोक्याचं होतं. म्हणून मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीतच सॉव्हरिन पाडायचं ठरलं. 1918 साल कोरलेली सुमारे 13 लाख नाणी तिथे तयार झाली. पुढच्याच वर्षी हे काम बंद पडलं. म्हणजे मुंबईचा ठसा असलेलं सॉव्हरिन या एकाच सालाचं मिळतं.

ते ओळखायचं कसं? भिंग घ्या. घोड्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आहे आणि तिच्या खाली साल. सालाच्या मधोमध, वरच्या त्या रेघेवर इंग्रजी 'आय' अक्षर असेल तर नाणं मुंबईचं. 'एस' असेल तर सिडनीचं, 'एम' मेलबर्नचं, 'पी' पर्थचं, 'एसए' दक्षिण आफ्रिकेतलं. अक्षर नसेल तर बहुधा लंडनचं. मुंबईत 1918 सालीच 15 रुपयांची सोन्याची मोहरही निघाली. तिचं वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच, पण तिच्यावर घोडेस्वार नाही. वेलबुट्टीच्या चौकटीत किंमत आणि साल आहे.

जकात कशी धरायची?

कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. शाफई मसलकात बाईच्या वापरातल्या, जायज प्रमाणातल्या दागिन्यांवर जकात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून काही घरांत गिन्नीही दागिन्यातच धरतात. पण पेटीत ठेवलेली गिन्नी दागिना नव्हे, ते नाणं आहे. तिचा हिशेब जकातीत येतो. कडी लावून माळेत ओवलेल्या गिन्नीबद्दल आपल्या आलिमांना विचारावं.

सोन्याचा निसाब 20 मिस्काल. काही उलमा तो 85 ग्रॅम धरतात, काही साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम. शुद्ध सोन्याने मोजलं तर 11 गिन्न्यांचं साडेऐंशी ग्रॅम होतं, 12 चं सुमारे 87.8. म्हणजे दोन्ही हिशेबांनी 12 गिन्न्यांवर निसाब पुरा. हनफी घरांत मात्र ज्यात सोनं जास्त ते सगळं सोनंच धरतात, त्यामुळे 11 गिन्न्यांतच साडेसात तोळे भरतात. निसाब भरून चांद्र वर्ष पुरं झालं की चाळिसावा हिस्सा द्यायचा. गिन्न्या कमी असल्या तरी घरातलं बाकीचं सोनं आणि रोकड कशी जोडायची, हेही आलिमांना विचारून घ्या.

मोडण्याआधी

पन्नास-साठच्या दशकात बैरूतसारख्या ठिकाणी नकली सॉव्हरिन मोठ्या प्रमाणात पाडली गेली. त्यातल्या काहींत सोनं चांगलं असे, पण ठसा खोटा. तेव्हा आधी वजन करा, कस तपासून घ्या, मग भाव विचारा. नाणं घासून चमकवू नका, त्याला डाग देऊन कडी बसवू नका. त्याने संग्राहकाकडची किंमत पडते. नाणं वितळवलं तर हातात फक्त सोन्याचा भाव येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिन्नी कुणाची ते आजच लिहून ठेवा. मेहरची असेल तर ती बायकोची मिळकत, नवऱ्याची नाही. ज्याची गिन्नी त्याच्यावर जकात. आणि मयताची असेल तर कर्ज आणि वसीयत भागवून उरलेल्या वारशात मुलींचाही हिस्सा आहे. "आईने तोंडी सांगितलं होतं" यावरून भावंडांत बोलणं बंद होण्यापेक्षा दोन ओळींची चिठ्ठी बरी.