तमाशाच्या फडात गाण्यांचा क्रम कसा लागतो

ढोलकी-फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम रूढ आहे. त्याआधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी झडते. तिचा आवाज ऐकून जत्रेत पांगलेली माणसे तंबूकडे वळतात. मग सरदार म्हणजे फडाचा प्रमुख आणि त्याला गाण्यात साथ देणारे सुरत्ये गणपतीचे स्तवन करतात. हा गण आटोपशीर असतो. लोक अजून जागा धरत असतात, अशा वेळी हुकमी गाणे खर्ची घालणे शहाणपणाचे नसते.

गौळणीत नर्तकी पाठमोऱ्या येतात. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी मधे पडते. गाणे, नाच आणि विनोद एकत्र मिळाल्याने प्रेक्षक इथे स्थिरावतो. बतावणी बहुतेक बोलण्याची, त्यामुळे नाचणाऱ्यांना तेवढीच उसंत.

खरी कसोटी रंगबाजीत, म्हणजे लावण्यांच्या भागात लागते, कारण इथला क्रम परंपरा ठरवून देत नाही. बालेघाटी लावणी विरहाची आणि संथ, छक्कड उडत्या चालीची. दोन बालेघाटी लागोपाठ आल्या तर मागच्या रांगा चुळबुळ करू लागतात; नुसत्या छक्कडी लावल्या तर तासाभरात नर्तकी आणि ढोलकीवाला दोघेही थकतात. ढोलकी गाणाऱ्याच्या पट्टीत चढवलेली असते, म्हणून एका पट्टीतली गाणी शक्यतो जवळजवळ ठेवतात. एवढे करूनही दौलतजादा (गाण्यावर खूश होऊन दिलेले पैसे) देणाऱ्याची फर्माईश आली की सारी मांडणी विस्कटते. ती सावरण्यात सरदाराचे कसब दिसते.

वगात, म्हणजे शेवटच्या नाट्यभागात मात्र गाण्याची जागा कथानक ठरवते. १८६५च्या सुमारास उमाजी सावळजकरांनी रचलेला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो.

क्रम बदललाही गेला. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाच्या काळात अण्णाभाऊ साठे यांनी गणातून मायभूमीला वंदन केले आणि गौळण वगळली. वंदनाची जागा त्यांनीही पहिलीच ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे.

आज क्रमावर घड्याळाचाही ताबा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. सवलत मोजक्याच दिवसांपुरती. अशा वेळी कात्री शेवटी असलेल्या वगावर चालते.