विश्लेषण : शाळेची सहल ‘शैक्षणिक’ कधी होते? सहावी ते आठवीच्या सहलीचे नियोजन कसे करावे?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या फलकावर सहलीची सूचना लागते. वर ‘एक दिवसाची शैक्षणिक सहल’, खाली चार-पाच ठिकाणांची नावे, सर्वांत शेवटी वॉटर पार्क आणि भरायची रक्कम. पालक रक्कम बघतात, मुले वॉटर पार्क बघतात. ‘शैक्षणिक’ हा शब्द बऱ्याचदा परवानगीच्या अर्जापुरताच उरतो. सहावी ते आठवीच्या मुलांची सहल आखताना काय बघायचे, पैसे कुठे वाचतात, धोका कुठे असतो आणि कोणती मुले मागे राहतात, याविषयी...

सहावी ते आठवीच का?

ही मुले साधारण ११ ते १४ वर्षांची असतात. त्यांना हात धरून न्यावे लागत नाही आणि दहावीचे दडपण अजून आलेले नसते. समोर दिसलेल्या गोष्टीवरून ‘असे का?’ विचारायचे हेच वय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच टप्प्यासाठी १० ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम बघावे, करून बघावे, अशी ती कल्पना. एनसीईआरटीने २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

म्हणजे सहल दूरचीच हवी असे नाही. बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, दूध संकलन केंद्र, एसटीची कार्यशाळा, गावचे जलशुद्धीकरण केंद्र हीसुद्धा सहलीची ठिकाणे आहेत. त्यातल्या निम्म्या ठिकाणी बसही लागत नाही.

या वयाची दुसरी बाजूही नियोजनात धरावी लागते. मित्रांसमोर धाडस दाखवायची हौस याच वर्षांत सुरू होते. एक जण कठड्यावर चढला की मागून चौघे चढतात.

आधी ठिकाण ठरवायचे की प्रश्न?

आधी प्रश्न. समजा सातवीच्या वर्गापुढे असा प्रश्न ठेवला : ‘दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात लेणी खोदायला पैसा कुणी दिला आणि ती याच डोंगरात का खोदली?’ त्यासाठी पुणे जिल्ह्यातली भाजे लेणी एवढे एकच ठिकाण पुरते. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते, तिथून भाजे गाव पायी गाठता येते आणि पुढे पायऱ्या लागतात.

इथले चैत्यगृह इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके ठेवत. कारागिरांनी तीच रीत दगडात उतरवली, दगडाला तिची गरज नसतानाही. शिक्षकांनी हे आधी सांगून टाकू नये. ‘खांब नीट बघा, वहीत काढा’ एवढेच म्हणावे आणि दहा मिनिटे गप्प बसावे. कुणीतरी ‘सर, हे वाकडे का आहेत?’ असे विचारतेच.

पुढे १४ स्तूपांचा समूह आहे, तो मोजायला लावावा. आतले किती, बाहेरचे किती यावर वाद होईल आणि तो व्हायलाच हवा. पाण्याच्या टाक्यांजवळ दानाचा लेख आहे. पैसा कुणी दिला, या प्रश्नाचा पहिला धागा तिथे सापडतो. उरलेले अर्धे उत्तर समोरच्या खोऱ्यात आहे. वर बसून खाली पाहिले की लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकाच खोऱ्यातून जाताना दिसतात. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून येणारा व्यापारही याच भागातून जात असे. इतिहास आणि भूगोलाचे दोन वेगळे तास इथे एका दगडावर बसून होतात.

इतर जिल्ह्यांतही अशी ठिकाणे आहेत. बुलढाण्यातले लोणार हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी का झाले, हा आठवीसाठी उत्तम प्रश्न. नाशिक जिल्ह्यातले नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास ती लोकांसाठी खुली केली जाते.

एका दिवसात किती ठिकाणे?

एक. फार तर दोन. छत्रपती संभाजीनगरच्या सहलीत अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि बीबी का मकबरा एका दिवसात ‘करणारी’ पत्रके दिसतात. शहरापासून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, वेरूळ सुमारे ३०, आणि दोन्हींच्या दिशा वेगळ्या. मुले दिवसभर बसच्या खिडकीतून महाराष्ट्र बघतात. त्यात अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. हे न बघता तारीख ठरवली की दारातून परतावे लागते.

वेळ कुठे जातो याचा साधा हिशेब करून बघा. ४५ मुले, चार स्वच्छतागृहे, प्रत्येकी तीन मिनिटे. एका थांब्याला अर्धा तास झाला. असे तीन थांबे धरले की दीड तास गेला. वेळापत्रकात हा दीड तास लिहिलेला नसतो, म्हणून मग प्रत्येक ठिकाणी ‘चला, चला, उशीर होतोय’ सुरू होते.

मुलींचा प्रश्न काय आहे?

स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे, तर जे सहसा बोलले जात नाही तेही सांगायला हवे. याच वयात अनेक मुलींची पाळी सुरू होते, कधी कधी नेमकी सहलीच्या दिवशी पहिल्यांदा. वाटेत नीट स्वच्छतागृह नसेल, या भीतीने मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी उन्हात चक्कर येते आणि ‘नाश्ता केला नसेल’ म्हणून विषय संपतो. सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या आणि एक जादा सलवार बसमध्ये शिक्षिकेकडे असावी आणि ती कुणाकडे आहे हे मुलींना निघण्याआधी माहीत असावे. थांबे ठरवताना हॉटेलचा नाश्ता कसा आहे यापेक्षा दाराला कडी आणि नळाला पाणी आहे का, हे आधी विचारावे.

खर्च कुठे वाचतो?

प्रवासात. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते आणि शालेय सहलींसाठी भाड्यात ५० टक्के सवलत असते. हंगामात मागणी वाढते, त्यामुळे आगारात आधीच नोंदणी करावी लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांमध्ये १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, म्हणजे या वर्गांना प्रवेश जवळपास मोफतच. जन्मतारीख असलेली ओळखपत्रे सोबत ठेवावीत. छुपे खर्चही आधी धरावेत. उदाहरणार्थ, अजिंठ्याला स्वतःची बस फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. त्याचे तिकीट वेगळे.

खासगी सहल कंपन्या ठरावीक मुलांमागे एक शिक्षक ‘मोफत’ नेतात. ती जागा मोफत नसते. तिचे पैसे मुलांच्याच वर्गणीत असतात, एवढे पालक सभेत उघड सांगितलेले बरे.

कोण मागे राहते?

सहल ऐच्छिक असते, सक्ती करता येत नाही. हे योग्यच आहे, पण ‘ऐच्छिक’ या शब्दाआड खरे कारण लपते. ४० जणांच्या वर्गातली सहा-सात मुले ‘मला नाही आवडत’ म्हणतात. त्यांच्या घरी हजार रुपये एकदम काढणे शक्य नसते, एवढाच त्याचा अर्थ. सहलीच्या दिवशी त्यांना दुसऱ्या वर्गात बसवले जाते आणि पुढच्या आठवड्यात सहलीवर निबंध लिहायला सांगतात!

यावर काही शाळा जुलैपासून महिन्याला थोडे थोडे पैसे घेतात. कुणी किती भरले हे वर्गात वाचून न दाखवणे, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तरीही कुणी राहत असेल तर माजी विद्यार्थी किंवा शिक्षक-पालक संघ गुपचूप भर घालू शकतो. तेही जमत नसेल, तर सहलच स्वस्त करावी. भाज्याला लोकलने जाता येते, वॉटर पार्कला नाही.

सुरक्षेबाबत जुन्या दुर्घटना काय सांगतात?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. त्यात १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. दोन्ही ठिकाणी मृत्यू पाण्यात झाले. मुरूडच्या घटनेनंतर राज्याच्या शिक्षण विभागाने सहलींचे नियम कडक केले आणि समुद्र, नदी, तलाव यांसारखी जोखमीची ठिकाणे टाळायला सांगितले. शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी आणि पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यावे लागते, ते वेगळे.

मात्र कागद पूर्ण झाले म्हणजे सहल सुरक्षित झाली असे नाही. एका शिक्षकाने आधी जाऊन जागा बघून येणे, हे सर्वांत उपयोगी काम असते आणि नेमके तेच वगळले जाते. पायऱ्या कुठे निसरड्या आहेत, मोबाइलला रेंज आहे का, जवळचे रुग्णालय किती लांब आहे, हे गुगल मॅपवर कळत नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि त्या दहांची नावे त्याला पाठ असावीत. बसमध्ये एकूण ४५ डोकी मोजण्यापेक्षा प्रत्येकाने आपले दहा मोजणे सोपे असते. बस खासगी असेल तर परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा शाळेने स्वतः बघावा, दलालाच्या शब्दावर राहू नये. चालक आदल्या रात्री गाडी चालवून आलेला नाही ना, हेही विचारावे. रात्रीचा प्रवास टाळावा. दमा, फिट्स, ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आणि औषधे त्या त्या गटाच्या शिक्षकाकडे हवीत. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही माहीत असावेत.

परतल्यावर काय?

‘आमची सहल’ हा निबंध नको. ‘आम्ही पहाटे उठलो, खूप मजा आली, संध्याकाळी घरी आलो’ असे चाळीस निबंध तपासणे ही शिक्षकांनाही शिक्षाच. त्याऐवजी निघताना दिलेला प्रश्न फळ्यावर पुन्हा लिहावा. वहीतल्या चित्रांवरून उत्तर शोधू द्यावे. चैत्यगृहाचे खांब कुणी सरळ काढले आणि कुणी तिरके, एवढ्यावर एक तास सहज जातो. आणि त्याच आठवड्यात सहलीचा जमाखर्च सूचना फलकावर लावावा, उरलेल्या पैशांसह.