तंजावर : प्रदोषाची संध्याकाळ

चार वाजून गेले तरी बृहदीश्वराच्या अंगणातली फरशी चटके देते आहे. चपला ठेवून आत आलेली माणसं पहिली काही पावलं पळतच काढतात आणि सावलीचा तुकडा दिसला की त्यावर जाऊन थांबतात. सगळ्यांचा रोख नंदीकडे. आज प्रदोष आहे. दर त्रयोदशीच्या संध्याकाळी इथे मान नंदीचा.

एकाच दगडातून घडवलेला हा नायककालीन नंदी बसलेलाच बारा-तेरा फूट उंच भरेल. दुधाच्या घागरी हातोहात वर पोचतात आणि पुजारी त्या त्याच्या वशिंडावर रित्या करतात. काळ्या पाठीवरून पांढरे ओघळ पोटाखाली उतरतात. मग दही, मग हळद. बघता बघता अख्खा नंदी पिवळाधमक होतो. पाण्याच्या लोटासरशी पुन्हा काळाभोर, की लगेच चंदन आणि विभूती. रंग बदलला की गर्दीतून हुंकार उठतो. शेवटी गळ्यात जाडजूड हार पडतात, तेही दूर्वांचे. आपल्याकडे ज्या गणपतीलाच वाहायच्या, त्या इथे शिवाच्या वाहनाला.

नंदीच्या समोर दोनशे फुटांहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, उभं आहे. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं, सगळं ग्रॅनाइटचं. उन्हं कलतील तसा त्याचा करडा दगड तांबूस होत जातो. आत्ताच सहलीची एक बस रिकामी झाली. मंडळी मान वर करून शिखर बघतात, फोटो काढतात आणि मदुराईचा रस्ता धरायला निघतात. त्यांना हाताला धरून थांबवावंसं वाटतं. तंजावरला यावं ते भिंतींपाशी थांबायला. या मंदिराच्या भिंतींवर तमिळ लेखांच्या ओळींवर ओळी आहेत. त्यातल्या एका लेखात राजराजाने देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत. कोण कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या आळीतलं कितवं घर दिलं, वर्षाला किती भात द्यायचा, सगळं दगडात नोंदलेलं. हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नावं पुष्कळ ठिकाणी सापडतात. नाचणाऱ्या बाईचं नाव पत्त्यासकट कुठे सापडतं?

नैर्ऋत्येच्या भिंतीशी मात्र लिपी बदलते. समोर चक्क देवनागरी, आणि भाषा मराठी.

सहावी-सातवीतली एक मुलगी भिंतीला नाक लावून उभी आहे. मागे तिचे आजोबा चष्मा पुसताहेत. अक्षरं जुन्या वळणाची, तिचं बोट एकेका अक्षरावर अडतं, मागे जातं, पुन्हा पुढे सरकतं. ‘आजोबा, हे बघा, शहाजी!’ ती ओरडते. आजोबा वाकून बघतात. ‘आता पुढचं लाव.’ ती पुन्हा बोट टेकवते. शेजारून जाणारं तमिळ कुटुंब थबकतं. त्यांच्यातला मुलगा तिच्या बोटाकडे बघतो, मग तिच्या तोंडाकडे. आपल्या गावच्या देवळातली भिंत परगावची मुलगी वाचते आहे, याचं नवल त्याच्या चेहऱ्यावर मावत नाही.

हा भोसले घराण्याचा इतिहास आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे राजे झाले, त्यांच्या वंशाची ही हकीगत. ती 1803 साली कोरून घेणारे दुसरे सरफोजीराजे मला आज सकाळीच राजवाड्यात भेटले. दरबारात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या शिल्पकार चँट्रीने घडवलेला. तिथून जवळच त्यांनी नावारूपाला आणलेलं सरस्वती महाल ग्रंथालय. मोडी कागदांची रास, ताडपत्रं, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट ठेवलेली टिपणं. या राजाने ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाच्या मराठी नाटकातून जगाचा भूगोल सांगितला.

आणि हे सगळं कधी? 1799च्या तहाने इंग्रजांनी मुलखाचा कारभार काढून घेतल्यावर. राजांच्या हाती किल्ला आणि थोडा भोवतालचा भाग एवढंच राहिलं होतं. सत्ता गेल्यावर चार वर्षांनी या माणसाने आपल्या घराण्याची कथा चोळांच्या भिंतीवर, सगळ्या तमिळ लेखांच्या सोबतीला, मराठीत लिहून ठेवली. याला मी अहंकार म्हणणार नाही. कागद जळतात, दफ्तरं हलवली जातात. देवळाची भिंत टिकेल, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. पुढे 1855 साली इथले शेवटचे राजे पुत्राविना वारले आणि संस्थान खालसा झालं. भिंतीवरची मराठी तशीच राहिली.

इतक्यात नादस्वर सुरू होतो, त्यावर तविलचे ठोके कडाडतात. वृषभावर बसलेले देव प्रदक्षिणेला निघाले आहेत. गर्दी नंदीपाशी सुटते आणि लोंढा विमानाला वळसा घालत थेट आमच्या कोपऱ्यावर येतो. मुलीचं बोट अजून ओळीवरच आहे.

‘चल, देवाबरोबर जाऊ,’ आजोबा म्हणतात.

‘माझी ओळ राहिली ना.’

‘तीन फेऱ्या असतात. दर फेरीला थोडं थोडं वाच.’

ती फ्रॉकच्या खिशातून केसांची पिन काढते, ओळीच्या खाली जमिनीवर खूण म्हणून ठेवते आणि वाजंत्र्यांच्या मागे पळत सुटते.